कापूस घरात असेपर्यंत

गाणं ऐकण्याचं यंत्र विकत घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला हजार प्रश्न विचारतो. वॉट किती, स्पीकर किती इंची, गॅरंटी किती वर्षांची, वायर फुकट देणार की तिचे पैसे वेगळे. पण ‘सध्या आमच्या घरात कापूस भरलेला आहे, तर आवाज कसा येईल?’ असं विचारणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. विचारलं तर दुकानदार त्याला पाणी पाजून परत पाठवील. आमच्या पालमला मात्र हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आमच्या घराण्याला त्याचं उत्तर मिळायला दोन पिढ्या लागल्या.

आधी हे सांगायला हवं, की आमच्या घरात कुणी गवई नाही. गोदावरीकाठची काळी जमीन, तिच्यावर कापूस आणि ज्वारी, आणि अलीकडे सोयाबीन. संगीताशी संबंध एवढाच, की माझे थोरले चुलते, आप्पा, मारुतीच्या देवळात भजनाला पेटी वाजवत आणि त्यांना ऐकण्याचं विलक्षण वेड होतं. माणसाला तंबाखूचं असतं तसं. पुढे आजीच्या आवाजाची एक कॅसेट घरात राहिली आणि मग हा वेडाचा मामला सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा झाला. तिच्याकडे मी येणारच आहे. पण गोष्ट सुरू होते ती बाभळीच्या काट्यापासून.

आप्पांच्या लहानपणी घरात चावीचा फोनो आला होता. त्या वेळी परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. फोनोला वीज लागत नसे. तबकडीच्या खाचेतून सुई जाते, ती थरथरते, ती थरथर डबीतल्या अभ्रकाच्या चकतीला पोचते आणि कर्णा ती मोठी करून बाहेर टाकतो. बस्स, एवढाच कारभार. पण ह्या एवढ्याशा कारभारातसुद्धा सुई बदलली की गाणारा बदलत असे. जाड पोलादी सुई लावली की आवाज दणदणीत, बारीक लावली की मवाळ. पोलादी सुई एका बाजूपुरतीच. तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं संपलं की ती टाकायची, नाहीतर झिजलेली सुई तबकडीच खायला लागते. आता पालमला रोज नव्या सुया आणायच्या कुठून? त्यातून महायुद्ध आलं आणि डबीभर सुया ही चैनीची वस्तू झाली.

तेव्हा आप्पांच्या वडिलांनी बाभळीचा काटा लावला. हसू नका. त्या काळी इंग्लंडातले भले भले शौकीनसुद्धा निवडुंगाचे काटे लावून तबकड्या ऐकत, आणि त्यांना टोक काढायची खास यंत्रंही मिळत. काट्यानं तबकडीची खरखर निम्म्यावर येते, कारण काटा मऊ. वरच्या पट्टीतलं बारीक थरथरणं तो स्वतःच पिऊन टाकतो. त्याच्याबरोबर झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’ ह्या अक्षरांची धारही पितो, आणि एखादी जोरकस तान आली की टोक मोडून बसतो. आप्पा सांगत, पोलादी सुईनं बालगंधर्व समोर उभे राहून गात, आणि काट्यानं पडद्यामागून. दोन्हींत आपल्याला कोणते आवडत हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. माझा अंदाज, पडद्यामागचे.

पुढे वीज आली, रेडिओ आला, आणि आप्पांनी एका मोडक्या रेडिओतला स्पीकर काढून माठात बसवला. हा उद्योग आमच्याच घरचा नव्हे. एके काळी मराठवाड्यात पानाच्या टपरीपासून सायकलच्या दुकानापर्यंत ठिकठिकाणी असा माठ टांगलेला दिसे. लोकांना वाटे, माठात आवाज घुमतो म्हणून गोड लागतो. घुमतो हे खरं, पण मुख्य कारण दुसरं आहे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला, तर खालच्या सुरांत ही पुढची आणि मागची हवा कडेनं वळून एकमेकींना भेटते आणि जागच्या जागी फिटंफाट होते. ढोलकी वाजते पण ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. मागची हवा माठात कोंडली, की पुढचीला कुणी अडवणारं उरत नाही. दुकानातली पॉलिश केलेली लाकडी पेटी हेच काम करते. फरक इतकाच, की माठाला त्याचा स्वतःचा एक लाडका सूर असतो. तो सूर गाण्यात आला की माठ इतक्या आनंदानं हुंकारतो, की बाकीचं गाणं बुडतं. आप्पांनी माठात मूठभर कापूस घातला आणि हुंकार बराच निवळला. ही आमच्या घरात कापसाची संगीतात झालेली पहिली एंट्री. तिच्याकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

दोन माठ केल्यावर एक गंमत झाली. एक होता तेव्हा होता तेवढाही खर्ज दोन झाल्यावर उरला नाही. रेडिओ दुरुस्तीवाला आला. त्यानं दीड व्होल्टचा सेल काढला, एकेका स्पीकरच्या तारांना टेकवला आणि पडदा कुठे सरकतो ते बोटानं पाहिलं. एकाचा पुढे, दुसऱ्याचा मागे. म्हणजे एक माठ हवा ढकलत होता आणि दुसरा ओढत होता. एका माठाच्या दोन तारा उलटसुलट केल्या आणि पखवाज परत आला. ज्यांच्या घरी दोन स्पीकर आहेत आणि आवाज पोकळ वाटतो, त्यांनी पैसे खर्च करण्यापूर्वी ही सेलची युक्ती जरूर करून पाहावी. तारांवरून आठवलं: सोन्याच्या भावानं तांब्याची तार विकणारे लोक आता निघाले आहेत. खोलीभर अंतराला चांगल्या जाडीची साधी तार पुरते. त्यापुढे जे ऐकू येतं, ते बिलातून ऐकू येतं.

रेडिओच्या बाबतीत आप्पांची एक निराळीच तक्रार होती. परभणी केंद्र स्वच्छ लागे, पण सतारीची झंकार काही यायची नाही. तिच्यासाठी त्यांनी एक छोटा, फक्त उंच सुरांचा स्पीकर आणवला, तरीही नाहीच. मध्यम लहरींवर सेकंदाला पाचेक हजार कंपनांच्या वरचं फारसं काही पाठवलंच जात नाही. मग इथे दहा स्पीकर लावून काय होणार? आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार! आवाजाच्या सगळ्या साखळीचा हा पहिला कायदा म्हणावा: मागच्या कडीनं जे सांडलं, ते पुढची कडी भरून देऊ शकत नाही. पुढची कडी फार तर आणखी थोडं सांडते.

आता कापसाकडे येतो.

आमचं घर माळवदाचं. जाड मातीच्या भिंती, वर तुळया, त्यांवर लाकूडफाटा आणि मातीचा थर. भिंतींत देवळ्या, कोनाडे, धान्याचं बळद. एका वर्षी पावसाळ्यापूर्वी आप्पांनी पुढची बैठक ‘पक्की’ केली. भिंतींना सिमेंटचा गिलावा, कोनाडे बुजवून सपाट, खाली शहाबादी फरशी. दसऱ्याला पहिली वेचणी आली आणि नेहमीप्रमाणे कापूस ह्याच खोलीत रचला. ज्यांनी कापसाचं घर पाहिलेलं नाही त्यांना सांगतो: तो नुसता कोपऱ्यात पडलेला नसतो. तो भिंतीला लागून छातीइतका चढतो, दारातून बाहेर डोकावतो, पोरं त्यात उड्या मारतात आणि बायका अंगाला खाज सुटते म्हणून कुरकुरतात. १९७२ पासून राज्यात एकाधिकार खरेदी होती. आपला नंबर लागून गाडी जाईपर्यंत महिना-महिना कापूस घरात राही. त्या हिवाळ्यात आप्पा रोज रात्री कापसाच्या ढिगाला पाठ लावून जुन्या दहा-बारा वॉटच्या यंत्रावर गाणी ऐकत. ‘यंदा बाज्या फार गोड वाजायलाय’ असं एकदोनदा म्हणालेही.

माघात कापूस गेला. फाल्गुनात पैसे आले. आणि त्या पैशांतून आप्पा नांदेडला जाऊन शंभर वॉटचा नवाकोरा अँप्लिफायर घेऊन आले.

तो लावला आणि घरात अवकळा पसरली. आवाज मोठा होता, यात शंका नाही. पण शब्दावर शब्द चढत होता, तबल्याचा बोल तुटायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर बसत होता, आणि गाणारीचा गळा पत्र्यासारखा कर्कश. आप्पांनी दुकानदाराला शिव्या घातल्या. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं व्होल्टेज मोजलं: नदीकाठच्या मोटारी चालू झाल्या की दोनशे तीसचं एकशे सत्तर होत होतं. आता, दाब इतका पडला की साध्या अँप्लिफायरची जास्तीत जास्त ताकद निम्म्यावर येते, हे गणितानं खरं. म्हणून स्टॅबिलायझर आला. उपयोग शून्य. कारण ताकद निम्मी झाली तरी कानाला ती जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला वॉट दसपट लागतात. दहाचे शंभर वॉट केले तेव्हा आप्पांनी दसपट ताकद घेऊन दुप्पट आवाज विकत आणला होता, आणि तो दुप्पट आवाज त्या खोलीला सोसवत नव्हता.

निदान केलं ते मोठ्या आईनं, म्हणजे आप्पांच्या बायकोनं. तिला गाण्यात काडीची गोडी नव्हती. ती फरशी पुसता पुसता म्हणाली, “त्या डब्ब्याला काय बोल लावायलाव? कापूस गेला अन् घर रिकामं वाजायलंय.”

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, टाळी वाजवली. टाळी खोलीत दोनदा-तीनदा फिरून आली. त्यांनी गोधड्यांची चवड आणून भिंतीला लावली, पुन्हा वाजवली. मग एक शब्द न बोलता जुना दहा वॉटचा डबा जोडला आणि त्याच्यावर ऐकलं. नवा अँप्लिफायर पुढे भजनी मंडळाला गेला. तिथे उघड्या सभामंडपात तो म्हणे उत्तम वाजे.

मोठ्या आईला जे फरशी पुसताना कळलं, ते शास्त्रानं मांडलं वॉलेस साबिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. म्हणजे व्याख्याता वाक्याच्या शेवटी पोचला, तरी सुरुवात अजून हवेतच. साबिननं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विझायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असं वर्षानुवर्षं केलं. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडे बदलतात हे लक्षात आल्यावर तो मोजायला बसताना ठरावीक तेच कपडे घालू लागला. आणि शोषणाचं माप म्हणून त्यानं काय धरलं? उघडी खिडकी! खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. तेव्हा एक फूट उघडी खिडकी हे एक माप.

हे माप पालमला लावून पाहा. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी सिमेंटची रिकामी खोली घ्या. सगळ्या भिंती, छत आणि फरशी मिळून सहाशे चौरस फूट. पण इतका मोठा पसारा आवाज शोषतो तो जेमतेम पंधरा फूट खिडकीएवढाच. साबिनच्या सूत्रानं अशा खोलीत आवाज दहा लाखाव्या हिश्श्यावर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. त्याच खोलीची चार फुटी चौकोनी खिडकी सताड उघडा, वेळ दीड सेकंदावर येतो. फुकट! शिवाय लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असणं ही आणखी एक आपत्ती. दहा फुटांत सेकंदाला छप्पन कंपनांचा खर्ज बरोबर मावतो. तो तिन्ही दिशांनी एकदमच मावतो, आणि पखवाजाची धुमेची थाप त्याच्या जवळपास आली की खोली स्वतःच पखवाज होते. आणि आपण बांधतो त्या खोल्या? दहा बाय दहा. माळवदाच्या घरातले देवळ्या-कोनाडे आवाज फोडून चहूकडे उधळत, ते आपण हौसेनं बुजवतो.

हे सगळं मी ज्याच्यासाठी सांगत आहे, ती कॅसेट आता काढतो.

१९८४ च्या सुमारास आप्पांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या. तेव्हा घरात पिठाची गिरणी वापरणं सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. आजी हट्टानं चार पायल्या घरी दळायची. आमच्या शेजारचं गंगाखेड म्हणजे जनाबाईचं गाव, तेव्हा जात्याशी बसून म्हणण्याला इकडे निराळं बळ आहे. गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर ह्यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमच्या आजीपर्यंत कुणी पोचलं नाही. पोचले ते आप्पा, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन. अर्धा तास ओव्या, आणि शेवटी आप्पांचा आवाज: “पांढरी चार”, आणि पेटीचा एक लांब सूर. आपला टेप पारखायची त्यांची सवयच होती ती.

आजी १९८९ मध्ये गेली. कॅसेट राहिली. दर दिवाळीला ती लागायची, आणि दर वेळी यंत्र निराळं. एकावर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा यायचा. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. दहा हजार कंपनांचा सूर तिच्यावर एका मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याएवढ्या जागेत लिहिलेला असतो. वाचणारं हेड केसभर तिरकं असलं की बारीक अक्षरं गेलीच. बाजूचा एक इवलासा स्क्रू फिरवला की घोंगडी उठे आणि आजीच्या बांगड्या वाजू लागत. जात्याच्या खुंट्यावर आपटणाऱ्या काचेच्या बांगड्या! ह्या एका स्क्रूनं जे दिलं, ते कुठल्याही वॉटानं दिलं नसतं.

पण हळूहळू घरातल्या सगळ्यांना आजी म्हणजे ती टेपवरची आजी झाली. बारीक, चढा, काहीसा लगबगीचा आवाज. माझ्या स्वतःच्या आठवणीतला तिचा आवाज टेपनं केव्हा पुसला आणि स्वतःचा लिहिला, ते मला समजलंही नाही.

माझ्या पुतण्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. टाइल्स, काचेच्या खिडक्या, टीव्हीखाली लांबलचक साउंडबार. कॅसेट त्यानं संगणकावर उतरवून घेतली. गेल्या वर्षी भाऊबीजेला आत्या आली. ती नव्वदीला टेकली आहे. पुढच्या खोलीत पुन्हा कापूस भरलेला होता, कारण भाव नव्हता आणि भाव येईल अशी आशा होती. पुतण्यानं ओव्या लावल्या. कापसामुळे त्या टाइलच्या खोलीतसुद्धा आवाज जमिनीवर होता. मला वाटलं, आत्या रडेल. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली आणि म्हणाली, “हे जातं लई पळायलंय. आई असं दळत नव्हती.”

पुतण्याला वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही. आणि ते एका अर्थी खरंच होतं. म्हातारपणी कानाचा वरचा भाग आधी जातो. ‘त’, ‘स’, ‘श’ पुसट होतात, शब्द कळेनासे होतात. खालचं शाबूत राहतं. आत्याला ओवीचे शब्द नीट पोचत नव्हते, पण दगडाची घरघर पूर्ण पोचत होती. आणि ज्या जात्याला लहानपणी आईसमोर बसून तिनं हात लावला, त्याची चाल तिच्या दंडात होती.

टेपच्या शेवटी “पांढरी चार” आली. पुतण्यानं मोबाइलवर सूर दाखवणारी सोय उघडली. तिच्यात काळी तीन दिसली. तो गाडी काढून देवळात गेला आणि आप्पांच्या पेटीची पांढरी चार दाबून आला; पेटी जागच्या जागी होती. टेपच अर्धा सूर वर चढलेली. म्हणजे त्या दिवशी टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले होते. मोटार मंद फिरत होती, आणि मंद भरलेली फीत नीट वेगात लावली की सगळं शंभराला सहा ह्या हिशोबानं पळतं. चाळीस वर्षं आजी आम्हांला सहा टक्के घाईत भेटत होती. इतक्या यंत्रांतून, इतक्या स्पीकरांतून गेली. एकाही यंत्राला त्याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं, कारण खरी आजी त्यांतल्या एकानंही ऐकलेली नव्हती.

पुतण्यानं तेवढा वेग उतरवला. आवाज जाड झाला, वयस्क झाला, दोन ओव्यांमधला श्वास लांबला. मला तो क्षणभर परक्या बाईचा वाटला. मग बांगड्या वाजल्या.

आत्या म्हणाली, “आता दळण बरोबर पडायलंय.” आणि पुढे पाऊण तास ती कुणाशी बोलली नाही.

ती संक्रांतीपर्यंत राहिली. कापूस त्याच्या आधीच, पडेल त्या भावानं गेला, आणि खोली पुन्हा रिकामी वाजू लागली. तेव्हा पुतण्यानं भिंतीपासून वीतभर पुढे दोरी बांधली आणि तिच्यावर घरातल्या सात गोधड्या टाकल्या. भिंतीला चिकटवण्यापेक्षा मागे हवा ठेवली की त्या खालचे सूरही थोडे धरतात. सूनबाईला हे मुळीच पसंत नाही. बैठकीत वाळत घातल्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं, आणि ते दिसतंही तसंच. पाहुणे यायचे असले की ती सातही गोधड्या काढून आत ठेवते. पाहुणे गेले की पुतण्या पुन्हा टाकतो.